वाचकांचे प्रश्न: विहीणबाई म्हणतात आम्ही पोर्तुगीज, सेन्सस म्हणतो 'एम'

या वेळी एका पत्रानेच सगळी जागा खाल्ली, पण विषयच तसा आहे. बाकीची तीन लहान पत्रंही याच धाग्यातली निघाली म्हणून एकत्र घेतली. आडनावं मुद्दाम छापत नाहीये, त्या घरच्यांना विचारलेलं नाही.

प्रश्न: माझी मुलगी नॉर्थ कॅरोलायनात असते, जावई तिथलाच, अमेरिकन. मी वर्षातले चार-पाच महिने त्यांच्याकडे असते आणि वेळ जावा म्हणून जावयाच्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली. विहीणबाई सांगतात की आमचे मूळचे पोर्तुगीज, म्हणून सगळे जरा सावळे. 1850 च्या सेन्ससमध्ये त्यांचे एक पूर्वज सापडले, शेतकरी, जन्म व्हर्जिनियातला, आणि रंगाच्या कॉलममध्ये 'एम' लिहिलंय. त्याच्या मागे काही केल्या सरकता येत नाही. मुलगी म्हणते आई सोड, गुलाम असतील तर कागद नसणारच. खरं आहे का ते? आणि पोर्तुगीजचं काय?

उत्तर: ताई, सोडू नका. तुमच्या हातात जे पान आहे त्यातच अर्धं उत्तर आहे. 1850 ला अमेरिकेत दोन याद्या झाल्या होत्या, एक स्वतंत्र माणसांची आणि एक गुलामांची, आणि गुलामांच्या यादीत मालकाचं नाव असायचं, गुलामाचं नसायचंच, नुसतं वय, बाई का पुरुष आणि रंग. तुमचे पूर्वज नावानिशी सापडलेत म्हणजे ते स्वतंत्र माणसांच्या यादीत आहेत. आणि 'एम' म्हणजे मुलॅटो, मिश्र वंशाचा. म्हणजे गुलामगिरी संपायच्या पंधरा वर्षं आधी हे घर स्वतंत्र होतं, स्वतःची शेती करत होतं. आता प्रश्न एवढाच की स्वतंत्र कधीपासून.

इथे बहुतेकांना वाटतं तशी कुणी दयाळू मालकाने सोडून दिलं असेल अशी गोष्ट असतेच असं नाही. व्हर्जिनियात 1723 पासून 1782 पर्यंत गुलामाला सोडायचं तर गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलची परवानगी लागायची, तीही मोठं काही काम केलं असेल तरच. म्हणजे 1782 च्या आधी जी मिश्र घरं स्वतंत्र दिसतात ती बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र होती, आणि त्याचं कारण होतं आई. 1662 चा व्हर्जिनियाचा कायदा सांगतो की मूल आईच्या स्थितीचं, आई गुलाम तर मूल गुलाम, आई स्वतंत्र तर मूल स्वतंत्र. इंग्लिश रिवाजात सगळं बापावरून चालायचं, तो इथे उलटा केला, कारण गोऱ्या मालकापासून गुलाम बाईला झालेली मुलं फुकटात मालमत्ता म्हणून मिळावीत. त्याआधी 1656 मध्ये एलिझाबेथ की नावाच्या बाईने, जिचा बाप इंग्लिश आणि आई आफ्रिकन होती, कोर्टात जाऊन स्वातंत्र्य मिळवलं होतं, तिच्या बाजूचा एक मुद्दा बाप इंग्लिश असण्याचाच होता. ती वाट कायद्याने बुजवून टाकली. पण बुजवताना दुसरी एक उघडी राहिली: आई गोरी आणि बाप गुलाम असेल तर मूल स्वतंत्र. आणि व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायनाच्या जुन्या स्वतंत्र मिश्र घराण्यांचा कागदोपत्री माग काढलेल्यांना शेवटी बहुतेक वेळा हेच सापडतं, एक गोरी मोलकरीण, इंग्लंड-आयर्लंडहून चार-पाच वर्षांच्या करारावर जहाजाचं भाडं फेडायला आलेली, आणि त्याच मळ्यावर राबणारा आफ्रिकन माणूस.

आता कागदाचं. मुलगी म्हणते कागद नसणार, मी म्हणते शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यापेक्षा यांचे जास्त असतील! हसू नका, खरंच सांगते. साधा गोरा कूळ माणूस जन्मला, राबला, मेला, कोर्टाने त्याची दखल घ्यायचं कारणच नव्हतं. यांना मात्र प्रत्येक कायदा काही ना काही कारणाने कोर्टात ओढत होता, आणि ओढलं की कारकून लिहून ठेवायचा.

1691 चा कायदा बघा. गोऱ्या बाईला काळ्या किंवा मुलॅटो माणसापासून लग्नाशिवाय मूल झालं तर तिला पंधरा पौंड दंड, महिन्याभरात चर्चवॉर्डनकडे, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याकडे भरायचा, नाही भरता आला तर पाच वर्षं तिची नोकरी विकायची, आणि मूल तिसाव्या वर्षापर्यंत बांधून द्यायचं. 1705 ला ते एकतीस केलं. लग्न करून मोकळं होऊ म्हणाल तर तेही नाही, गोऱ्याने काळ्याशी लग्न केलं तर तीन महिन्यांत कॉलनीतून हद्दपार. आणि गंमत म्हणा की नीचपणा म्हणा, दंडाचे तीन वाटे व्हायचे, एक राजाचा, एक पॅरिशचा (तिथल्या चर्चच्या हद्दीचा) आणि एक चहाडी करणाऱ्याचा! पंधरातले पाच पौंड म्हणजे त्या काळात मोठीच रक्कम, मग शेजारपाजारचे गप्प कशाला बसतील. त्यामुळे अशी प्रकरणं झाकली जात नसत, काउंटी (म्हणजे जिल्हा) कोर्टाच्या ऑर्डर बुकात बाईचं नाव, मालकाचं नाव, कधी कधी मुलाचंही नाव, तारखेसकट सापडतं. ज्या नोंदीची त्या बाईला आयुष्यभर लाज वाटली असेल तोच आज तुमच्या जावयाच्या घराण्याचा पहिला जन्मदाखला असू शकतो.

त्यामुळे शोधताना बापाच्या मागे धावू नका. आपल्याला सवय मधल्या नावात बाप शोधायची, इथे आडनावच आईचं असतं. दोन-दोन, कधी तीन पिढ्या आडनाव बायकांकडून चालत येतं, कारण 1723 च्या कायद्याने अशा बांधलेल्या मुलीला मुदत संपायच्या आत मूल झालं तर तेही तेवढ्याच वयापर्यंत त्याच मालकाकडे बांधलं जायचं. म्हणजे आजी, आई, नात एकाच उंबऱ्यात. म्हणून मालक सापडला की त्याच्या मागे लागा. तो मेल्यावर मालमत्तेची यादी होते, तिच्यात गाई, घोडे, लोखंडी भांडी यांच्या ओळीत एखादी मुलॅटो मुलगी, एकतीसपर्यंत नोकरी, अशी नोंद दिसते. वाचून पोटात कालवतं, पण वय आणि उरलेली वर्षं लिहिलेली असली की जन्माचं साल आपोआप निघतं. 1765 ला मुदत मुलांना एकवीस आणि मुलींना अठरा केली, तेव्हा साल बघूनच आकडेमोड करा.

दुसरा खजिना करांच्या याद्या. व्हर्जिनियात गोऱ्या बाईवर डोईपट्टी नव्हती, पण 1668 ला ठरवलं की स्वतंत्र काळ्या बायकांना ती सुटणार नाही, आणि 1723 ला मुलॅटो आणि इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी) बायकाही त्यात घेतल्या, सोळा वर्षांवरच्या. ती माफी 1769 ला मिळाली. म्हणजे यादीत कुटुंबप्रमुखाच्या खाली बायकोचं नाव किंवा नुसतं 'बायको' असं लिहून तिचा कर मोजलेला दिसला, तर रंग लिहिलेला नसला तरी कारकुनाने ते घर कशात मोजलं ते कळलं. नॉर्थ कॅरोलायनात तर बारा वर्षांपासून कर, मुलगे मुली दोघांवर, त्यामुळे पोरांचीसुद्धा नावं मिळतात. त्या घरांवर केवढा बोजा होता तो, दोन मोठ्या मुली असल्या तर कर शेजाऱ्याच्या तिप्पट-चौपट. आणि आपण आज त्याच यादीतून नावं उतरवून घेतो.

आता तुमचं काम. 1840, 1830, 1820 च्या सेन्ससमध्ये फक्त घराच्या कर्त्याचं नाव असतं, बाकीच्यांच्या वयाच्या रकान्यात नुसते आकडे, पण 1820 पासून स्वतंत्र रंगीत माणसांचे रकाने वेगळे आहेत. त्याआधी 1790 ते 1810 'इतर सर्व स्वतंत्र व्यक्ती' असा एकच रकाना. व्हर्जिनियाचा 1790 आणि 1800 चा सेन्सस जवळजवळ शिल्लक नाही, पण वैयक्तिक मालमत्तेच्या कराच्या याद्या 1782 पासून वर्षावर्षाच्या आहेत आणि त्या सेन्ससपेक्षा बऱ्या, कारण मुलगा सोळाचा झाला की दुसऱ्या वर्षी यादीत उगवतो. शिवाय 1793 पासून व्हर्जिनियात स्वतंत्र काळ्या-मिश्र लोकांनी क्लार्ककडे नाव नोंदवायचं, गावात दरवर्षी, काउंटीत तीन वर्षांनी. त्या रजिस्टरमध्ये उंची, कपाळावरचा व्रण, हातावरचा डाग, आणि जन्मतः स्वतंत्र का सोडलेला हे लिहिलेलं असतं. तुमच्या माणसाचे आईबाप व्हर्जिनियात थांबले असतील तर 'जन्मतः स्वतंत्र' हे दोन शब्द तिथे शोधा. घरात कुणी स्वातंत्र्ययुद्धात लढलं असेल तर 1818 नंतरचे पेन्शनचे अर्ज बघा, म्हाताऱ्या सैनिकाला आपण गरीब आहोत हे सिद्ध करायला घरातली माणसं आणि वस्तू सांगाव्या लागायच्या. या अर्जांसारखं बोलकं दुसरं काही नाही.

कुठे बघायचं: रिचमंडला लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया, रॅलेला नॉर्थ कॅरोलायनाचं राज्य अभिलेखागार (ते तुम्हाला जवळ), आणि घरबसल्या फॅमिलीसर्च ही वेबसाइट, फुकट आहे. पण शोधायच्या खिडकीत नाव टाकून थांबू नका, बऱ्याच वह्यांची नुसती चित्रं आहेत, अनुक्रमणिका नाही, पान-पान उलटावं लागतं.

दोन खड्डे सांगून ठेवते, मी पडलेय त्यात. एक, नॉर्थॅम्प्टन काउंटी दोन आहेत, व्हर्जिनियातली चेसापीक उपसागरापलीकडच्या चिंचोळ्या पट्टीवर आणि नॉर्थ कॅरोलायनातली 1741 ला बर्टीमधून फुटलेली, मी दोन शनिवार चुकीच्या नॉर्थॅम्प्टनमध्ये घालवले आणि एक अख्खं घराणं भलत्याच राज्यात नेऊन बसवलं. माणसं जागची हललेली नसतानाही काउंटी बदलते, म्हणून आधी काउंटी कधी कुठून फुटली ते बघा. दुसरं, 1752 पर्यंत त्यांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी 1700 हा डिसेंबर 1700 च्या नंतर येतो! लग्नाआधी मूल किंवा मरणानंतर मृत्युपत्र असलं काही दिसलं की आधी हे तपासा. आणि काही काउंट्यांचं दप्तर जळालंय, त्यातलं बरंचसं सुरक्षित राहावं म्हणून यादवी युद्धात रिचमंडला पाठवलेलं होतं आणि एप्रिल 1865 च्या आगीत तिथेच गेलं. तसं निघालं तर शेजारची काउंटी बघा, माणसं जमीन एकीकडे घ्यायची आणि कर्ज दुसरीकडे काढायची.

राहिलं पोर्तुगीज. विहीणबाईंना खोटं पाडायला जाऊ नका, थोडं त्यांचंही खरं असू शकतं. सावळ्या रंगाला पोर्तुगीज किंवा चेरोकी (तिथली एक मूळ जमात) म्हणून सांगणं त्या भागात शेकड्यांनी घरांनी केलं, कारण काळं ठरलं तर मतदान, साक्ष, लग्न सगळंच अडायचं. टेनेसीच्या डोंगरातले मेलंजन लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले, 2012 ला प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात त्यांच्या पुरुष वंशरेषा बहुतेक आफ्रिकन आणि युरोपियन आणि स्त्री वंशरेषा युरोपियन निघाल्या. पण 1619 ला व्हर्जिनियात उतरलेले पहिले 'वीस आणि काही' आफ्रिकन अंगोलातून पोर्तुगीज जहाजावरून आणलेले होते, वाटेत लुटलेले. पुढच्या काही वर्षांतही नावं अँटोनिओ, इमॅन्युएल अशीच दिसतात. नॉर्थॅम्प्टनमधल्या (व्हर्जिनियातल्या!) इमॅन्युएल रॉड्रिगसचं कारकुनांनी ड्रिगस केलं आणि त्याचं ड्रिगर्स झालं, ते आडनाव कॅरोलायनांत आजही आहे. तिथलाच अँथनी जॉन्सन 1621 ला आला, सुटला, 1651 ला त्याच्या नावावर 250 एकर होते, आणि नातवाने 1677 ला मेरीलँडमध्ये घेतलेल्या 44 एकर तुकड्याला नाव दिलं 'अंगोला'. तेव्हा घरात 'पोर्तुगीज' शब्द कुठून आला असेल याला एकाहून जास्त उत्तरं आहेत.

प्रश्न: एकच माणूस, एकच गाव. 1820 ला रंगीत, 1830 ला गोरा, 1850 ला मुलॅटो. तीन वेगळी माणसं धरू का?

उत्तर: नका धरू. जमीन, शेजारी आणि मुलांची वयं जुळतायत ना, मग माणूस एकच. बदलला तो कागदावर लिहिणारा. सेन्ससवाला दारात येऊन विचारायचाच असं नाही, बघून ठोकून द्यायचा, कधी कुंपणावरून शेजाऱ्याला विचारायचा. कायद्याची व्याख्याही हलत होती: व्हर्जिनियात 1705 ला पणजोबापर्यंत कुणी काळा असला तरी मुलॅटो, 1785 च्या कायद्याने एक चतुर्थांश किंवा जास्त असेल तरच, 1910 ला एक सोळांश आणि 1924 ला एक थेंबसुद्धा पुरे. म्हणजे तोच माणूस 1705 च्या मोजमापाने मुलॅटो आणि 1785 च्या मोजमापाने गोरा ठरू शकतो, काहीही न करता. म्हणून रंगाचा शब्द उतरवून घ्या पण त्यावर माणूस ओळखू नका.

1924 नंतरच्या व्हर्जिनियाच्या दाखल्यांवर तर माझा काडीचा विश्वास नाही. वॉल्टर प्लेकर नावाचा राज्याचा रजिस्ट्रार होता, त्याने आडनावांच्या काउंटीवार याद्या करून 1943 ला अधिकाऱ्यांना पाठवल्या की ही मंडळी स्वतःला इंडियन किंवा गोरी म्हणवतील, मानू नका, आणि जुन्या दाखल्यांवरही शेरे मारले. 1924 चा तो कायदा लग्नापुरता 1967 ला सुप्रीम कोर्टात लव्हिंग जोडप्याच्या खटल्यात पडला. दाखल्याचं मागचं पान पण बघत जा, शेरा तिथे असतो.

प्रश्न: बायकोच्या डीएनए टेस्टमध्ये आफ्रिकन फक्त 2 टक्के आलं. कागदावरचा आफ्रिकन पूर्वज 1690 च्या आसपासचा आहे. जुळतं का?

उत्तर: एकटाच तो असेल तर नाही जुळत, आणि तीच मजेची गोष्ट आहे. 1690 म्हणजे साधारण दहा पिढ्या, प्रत्येक पिढीत अर्धं, दहाव्या पिढीत हजार पूर्वजांतला एक, म्हणजे सरासरी 0.1 टक्का, तोही बऱ्याचदा वाटेत गळून शून्य. 2 टक्के उरलंय म्हणजे एकतर अलीकडे कुणीतरी आहे किंवा असे पूर्वज अनेक आहेत. दुसरं जास्त शक्य वाटतं, कारण कायद्याने गोऱ्यांशी लग्न बंद, गुलामाशी केलं तर तो जोडीदार केव्हाही विकला जाणार, मग ही स्वतंत्र मिश्र घरं आपसातच सोयरीक करायची, तीच आठ-दहा आडनावं व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलायना, तिथून साउथ कॅरोलायना आणि टेनेसी अशी एकत्र सरकताना दिसतात. तिची जी आडनावं अडलीत ती बाजूला ठेवून शेजाऱ्यांची आडनावं शोधा. आणि जमलं तर घरातल्या एखाद्या पुरुषाची वाय (क्रोमोसोमची) टेस्ट करा, मुलगा-बाप-आजोबा अशी सरळ रेषा कळते. फक्त त्या रेषेत मध्येच आडनाव आईकडून आलेलं असेल तर वाय दुसऱ्याच आडनावाच्या माणसाशी जुळेल, घाबरू नका, ती चूक नाही, तोच हरवलेला बाप असू शकतो.

प्रश्न: मेरीलँडच्या एका नोंदीत 'ईस्ट इंडियन' नोकर असं वाचलं. म्हणजे आपल्याकडचा माणूस? इतक्या जुन्या काळी?

उत्तर: असू शकतो, हो. व्हर्जिनियात 1635 च्या जॉर्ज मेनिफीच्या जमिनीच्या पट्ट्यात 'टोनी, ईस्ट इंडियन' असं नाव आहे, माणूस आणला की डोईमागे पन्नास एकर मिळायचे त्या हिशेबात लिहिलेलं. पुढेही मेरीलँड-व्हर्जिनियाच्या कोर्टात असे नोकर अधूनमधून दिसतात, बहुतेक इंग्लंडमार्गे आलेले. पण लगेच टोनीला आपल्या गावचा करू नका, ईस्ट इंडीज म्हणजे तेव्हा हिंदुस्थानपासून जावापर्यंत सगळंच. यांची मुलंही त्याच स्वतंत्र मिश्र समाजात मिसळली, आणि कारकुनाने पुढच्या पानावर 'ईस्ट' गाळून नुसतं इंडियन लिहिलं, त्याच्या पुढच्यावर मुलॅटो. तेव्हा तुमची नोंद कोणत्या काउंटीची आणि कोणत्या सालची ते कळवा, आणि जमलं तर मागची-पुढची दोन पानंही फोटो काढून पाठवा.